सहनिवासाची वर्गणी आणि १३,६०० रुपयांची तूट

प्रश्न : आमचा पुण्यात चोवीस जणांचा वाचनगट आहे. वर्षातून एकदा आम्ही तीन दिवस, दोन रात्री बाहेरगावी एकत्र राहतो. गेल्या ऑगस्टमध्ये दिवेआगरला गेलो होतो. संयोजन माझ्याकडे होतं. माणशी ४,००० रुपये वर्गणी काढली आणि परत आल्यावर हिशेब मांडला, तर १३,६०० रुपये माझ्या पदरचे गेले होते. हिशेबाचा कागद सोबत पाठवते आहे. यंदाही काम माझ्याकडेच आलं आहे. अचानक येणाऱ्या खर्चासाठी किती रक्कम राखून ठेवावी? सगळे म्हणतात, ‘दहा टक्के वर धर.’ तेवढे पुरतील का? आणि गेल्या वर्षीचे पैसे गटाकडे मागावेत, की सोडून द्यावेत? मागायला संकोच वाटतो.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही हिशेबाचा कागद पाठवलात, हे फार बरं केलंत. नुसता प्रश्न आला असता, तर मीही ‘दहा-पंधरा टक्के ठेवा’ असं काहीतरी लिहून मोकळा झालो असतो, आणि ते उत्तर चुकलं असतं. तुमची वर्गणी चोवीस जणांची मिळून ९६,००० होत होती. त्याचे दहा टक्के म्हणजे ९,६००. तूट आली १३,६०० ची. म्हणजे दहा टक्के ठेवूनही तुम्हाला ४,००० रुपये कमीच पडले असते.

आता ही तूट कशाकशाची होती ते तुमच्याच कागदावरून वाचू. आयत्या वेळी चार जण गळाले आणि तुम्ही त्यांना पूर्ण पैसे परत दिले, त्यात ७,२०० गेले. गाडीवाल्याने चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग आणि रात्रीचं गाडी चालवणं यांचे वेगळे २,९०० घेतले. वाटेतला नाश्ता, चहा आणि पाण्याच्या बाटल्या यांना १,५०० लागले. दोन्ही रात्री वीज गेली, जनरेटरच्या डिझेलचे १,२००. आणि एका सदस्याचा पाय मुरगळला, त्यांना रिक्षाने नेणं आणि एक्स-रे मिळून ८००.

या पाच रकमांपैकी खरोखर अचानक आलेली रक्कम कोणती? माझ्या मते फक्त शेवटची. ऑगस्टमध्ये कोकणात वीज जाणार हे दिवेआगरातलं शाळकरी पोरसुद्धा सांगेल. गाडीच्या चालकाला भत्ता द्यावा लागतो, घाट उतरून जाताना चोवीस माणसांना चहा लागतो, आणि चोवीस नावं लिहून घेतली की चोवीस माणसं येत नाहीत. हे सगळं आधीच ठाऊक असण्यासारखं होतं. कुणी विचारलं नाही म्हणून ते कागदावर आलं नाही. १३,६०० पैकी १२,८०० हा न विचारलेला खर्च आहे आणि ८०० हा न कळणारा. राखीव रक्कम फक्त या दुसऱ्या जातीच्या खर्चासाठी असते. पहिल्या जातीचा खर्च तिच्यातून भागवायला गेलात, तर कितीही टक्के ठेवा, कमीच पडतील.

सगळ्यात मोठी रक्कम गळालेल्या चौघांची आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

कुठल्याही सहनिवासाचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक माणसागणिक वाढतो-घटतो : राहणं, जेवण, चहा. तुमच्याकडे तो माणशी २,२०० होता. दुसरा ठोक, म्हणजे माणसं किती आली याच्याशी संबंध नसलेला : गाडीचे ३४,२००, पाहुण्या वक्त्यांचं मानधन आणि प्रवास ६,०००, ध्वनिक्षेपक आणि छापलेले उतारे ३,०००. एकूण ४३,२००. तुम्ही हे ४३,२०० चोवीसने भागलेत, माणशी १,८०० आले, त्यात २,२०० मिळवले आणि ४,००० वर्गणी जाहीर केली. भागाकार बरोबर आहे, पण तो फक्त चोवीसच्या चोवीस जण आले तरच बरोबर आहे. एक माणूस गळाला की गाडीचं भाडं १,८०० रुपयांनी कमी होत नाही. चौघांचे मिळून ७,२००. तुम्ही जिथे राहिलात तिथले घरमालक भले, त्यांनी चौघांच्या राहण्या-जेवणाचे पैसे घेतले नाहीत. ‘चोवीस ठरले होते, चोवीसचेच द्या’ असं ते म्हणाले असते, तर याच एका कारणाने १६,००० रुपये गेले असते.

यावर उपाय साधा आहे आणि तो मी गेली कित्येक वर्षं वापरतो : भाजक कमी धरायचा. चोवीस नावं आली असतील तर ठोक खर्च विसाने भागा. ४३,२०० भागिले २० म्हणजे २,१६०. चोवीसच्या हिशेबापेक्षा माणशी ३६० रुपये जास्त. वीसच जण आले तर हिशेब पैशापर्यंत जुळतो. चोवीस आले तर ८,६४० उरतात आणि ज्याचे त्याला ३६० परत जातात. शेवटच्या दिवशी पैसे परत मिळाल्याने कुणी रागावल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. उलट परत आल्यावर ‘माणशी आणखी सातशे द्या’ असा निरोप गेला की गटात कुजबुज सुरू होते, तीही पाहिली आहे.

भाजक किती कमी धरायचा, हे तुमच्या गटाच्या मागच्या हजेरीवरून ठरवा. तरुण, नोकरदार मंडळी जास्त असतील तर गळती अधिक, कारण रजा रद्द होतात. निवृत्त मंडळी ठरवलं की येतात, पण घरातलं आजारपण त्यांनाही अडवतं. आधीच्या दोन-तीन वर्षांच्या याद्या काढा, नावं दिलेले किती आणि आलेले किती ते पाहा. त्याहून चांगला आकडा कुठलाही सल्लागार देऊ शकणार नाही.

आणि गळणाऱ्यांचे पैसे परत देण्याचा नियम नावं घेतानाच सांगा. मी असा ठेवतो : राहण्या-जेवणाचा वाटा घरमालक जेवढा सोडतील तेवढा परत, गाडीचा आणि इतर ठोक खर्चाचा वाटा परत नाही, पण बदली माणूस मिळाला तर सगळेच परत. त्यासाठी दोन-तीन नावांची प्रतीक्षा यादी ठेवायची. कुणाच्या आईला इस्पितळात दाखल केलं म्हणून तो आला नाही, तर त्याचे पैसे अडवणं कुणालाही आवडत नाही, मलाही नाही. पण तिथे दाखवायची माणुसकी गटाची असावी, एकट्या संयोजकाच्या पर्सची नव्हे. तुम्ही चौघांना पूर्ण पैसे दिलेत ते मनाच्या मोठेपणाने, आणि त्याची किंमत एकटीने मोजलीत. हा अन्याय झाला, भले तो तुम्ही स्वतःच स्वतःवर केलेला असो.

आता गाडी. तुमच्या कागदावर ‘३८ रुपये किलोमीटर, दिवसाला किमान ३०० किलोमीटर, तीन दिवस’ असं लिहिलं आहे. म्हणजे ९०० किलोमीटरचे ३४,२००. पुण्याहून ताम्हिणी घाटाने दिवेआगर साधारण १६०-१७० किलोमीटर. जाऊन-येऊन आणि तिथलं थोडं फिरणं धरून गाडी चारशेच्या आसपास धावली असेल. उरलेल्या पाचशे किलोमीटरचे पैसे गाडी नुसती उभी असताना दिलेत. हा व्यवसायाचा रिवाज आहे, त्यात फसवणूक नाही. पण यंदा ‘सोडून या, तिसऱ्या दिवशी न्यायला या’ असा भाव विचारून पाहा, कधी कधी तो स्वस्त पडतो. रिकामी गाडी परत जाणं गाडीवाल्याला परवडतं का, यावर ते ठरतं.

याच किमान किलोमीटरचा एक फायदाही आहे. ऑगस्टमध्ये ताम्हिणीत दरड आली किंवा रस्ता बंद ठेवला, तर खोपोली-पालीकडून कोलाड, माणगाव असं जावं लागतं. लोक घाबरून त्यासाठी मोठी रक्कम राखून ठेवतात. पण ९०० किलोमीटरचे पैसे दिलेलेच आहेत, त्यामुळे वळसा पडला तरी किलोमीटरचा एक रुपयाही वाढत नाही. वाढतो तो टोल, आणि वाटेतलं एक जेवण.

गाडी ठरवताना मी हे विचारतो : किलोमीटर कुठून मोजणार, आमच्या दारापासून की तुमच्या गॅरेजपासून? चालकाचा भत्ता दिवसाचा किती? रात्री दहानंतर गाडी चालली तर वेगळं काही? टोल आणि पार्किंग कुणाकडे? चालकाच्या झोपण्या-जेवणाचं काय? घाटात एसी चालू राहील ना? बस्स. उत्तरं फोनवर मिळाली तरी ती व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायची आणि ‘बरोबर आहे ना?’ असं विचारून ‘हो’ मागवायचं. तुमचे २,९०० रुपये या एका निरोपाने आधीच कागदावर आले असते.

राहण्याच्या जागेचंही तसंच. दर माणशी आहे की खोलीमागे? पोहोचल्या दिवशीचं दुपारचं जेवण धरलं आहे का? मासे, मोदक, सोलकढी ताटात आहेत की वेगळे? जादा गादीचे पैसे? जनरेटर आहे का, आणि डिझेल कुणाचं? जीएसटी दरात धरला आहे की वरून? २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर हा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कुणी जुन्या दराने आकारत असेल तर नम्रपणे दाखवून द्या. घरगुती सोय करणाऱ्या पुष्कळ लहान मालकांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असते, त्यांना नोंदणीच लागत नाही, मग कर लावण्याचा प्रश्न येत नाही.

विसार देताना एक गोष्ट आवर्जून ठरवा. हवामान खात्याने रायगड जिल्ह्याला लाल इशारा दिला आणि तुम्हाला निघताच आलं नाही, तर विसाराचं काय? ‘पैसे परत द्या’ म्हटलं की मालक कचरतात, कारण किराणा भरलेला असतो, आचाऱ्याला सांगितलेलं असतं. ‘तारीख पुढे सरकवून द्याल का?’ असं विचारलं की बहुतेक जण चटकन हो म्हणतात. पावसाळ्यात सहनिवास ठरवणाऱ्याने हा प्रश्न विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. मुंबईकडून काही सदस्य येणार असतील आणि आगरदांडा-दिघी जंगलजेटीने खाडी ओलांडण्याचा त्यांचा बेत असेल, तर समुद्र खवळला की ती सेवा थांबू शकते. त्यांना रस्त्याचा पर्याय आधीच सांगून ठेवा आणि त्यांचा प्रवासखर्च त्यांच्याकडेच ठेवा.

हे सगळं विचारून झालं, कागदावर आलं, की मग खरी राखीव रक्कम. तिच्यासाठी टक्केवारीच्या मागे लागू नका. आपला प्रवास कुठे अडू शकतो, तिथे बोट ठेवा आणि त्या जागेची किंमत काढा.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाची गाडी कुंभार्ली घाटात बंद पडली. क्लचप्लेट गेली होती. संध्याकाळचे पाच, पाऊस, अठरा माणसं, त्यात दोघी सत्तरीच्या. वडापच्या दोन जीप मिळाल्या आणि ३,५०० रुपयांत सगळे मुक्कामी पोहोचले. दुसऱ्या दिवशी गाडीमालकाने दुसरी गाडी पाठवली, पण जीपचे पैसे जागच्या जागी, रोख द्यावे लागले. त्या घाटात मोबाइलला रेंज नव्हती, म्हणजे यूपीआय नव्हतं. राखीव रक्कम खात्यात होती आणि आमच्यापैकी चौघांच्या खिशात मिळून २,१०० रुपये. बाकीचे सगळ्यांकडून पावसात उभं राहून गोळा केले. तेव्हापासून राखीव रकमेचा मोठा भाग मी रोख नेतो, शंभर-दोनशे-पाचशेच्या नोटांत, आणि ती दोघांकडे वाटून.

तुमच्या सहनिवासासाठी मी दोन गोष्टींची किंमत धरीन : गाडी बंद पडून अर्ध्या दिवसासाठी दुसरी वाहनं करणं, साधारण ४,०००, आणि आजारी माणसाला माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत किंवा गरज पडली तर पुढे नेण्याची गाडी, २,०००-३,०००. एकूण ७,००० च्या आसपास, म्हणजे माणशी ३०० रुपये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे आणि तिला आधी फोन करायचाच, पण पायाच्या मुरगळीसाठी ती अडवून ठेवणं योग्य नाही, तिथे खाजगी गाडीच बरी.

आजारपणाबाबत एक रेघ आधीच आखा. प्रथमोपचार आणि डॉक्टरपर्यंत नेणं हा गटाचा खर्च. त्यापुढचे उपचार, तपासण्या, दाखल करणं हा त्या सदस्याचा किंवा घरच्यांचा. गट त्या क्षणी पैसे भरेल, पण उसने म्हणून. हे आधी बोललेलं असलं की कुणाला कोरडेपणा वाटत नाही. प्रसंग घडल्यावर बोलायला गेलात तर नक्की वाटतो. प्रत्येकाकडून घरच्या एका माणसाचा फोन क्रमांक आणि चालू औषधांची यादी घेऊन ठेवा.

उरला एक मोठा प्रसंग : रस्ते बंद होऊन सगळ्यांना एक रात्र जादा राहावं लागणं. चोवीस जणांचं राहणं-जेवण म्हणजे वीसेक हजार. एवढी रक्कम आधी गोळा करू नका, वर्गणी विनाकारण फुगेल आणि ज्याला ती जड जाते तो सदस्य गुपचूप नाव मागे घेईल. त्याऐवजी नाव नोंदवतानाच सगळ्यांकडून होकार घ्या की अशी वेळ आली तर माणशी १,००० पर्यंत जादा द्यावे लागतील. लहान अडचणीसाठी हातात पैसा आणि मोठ्या अडचणीसाठी दिलेला शब्द, एवढं पुरतं.

पैसे मागायला संकोच वाटतो म्हणता, तर पंढरीच्या वाटेवरच्या दिंड्या पाहा. ट्रक, पाण्याचा टँकर, राहुट्या, रोजचं शिजवणं, आणि हे सगळं आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालत. वारकऱ्याकडून दिंडीची भिशी घेतली जाते आणि तिच्यात त्याचं जेवण-राहणं ठरलेलं असतं. पैसे मागण्यात तिथे कुणाला संकोच वाटत नाही, कारण सोबतीने राहायचं तर खर्चही सोबतीने करायचा, हे तिथे गृहीत आहे.

तुमच्या गेल्या वर्षीच्याच दरांनी वर्गणी पुन्हा मांडून दाखवतो. ठोक खर्च ४३,२००, त्यात गाडीचे राहिलेले २,९०० आणि डिझेलचे १,२००, एकूण ४७,३००. विसाने भागून २,३६५. माणशी खर्च २,२०० अधिक वाटेतल्या चहा-नाश्त्याचे ७५, म्हणजे २,२७५. बेरीज ४,६४०. राखीव ३००. झाले ४,९४०, सरळ ४,९५० जाहीर करा. चोवीस जण आले आणि काही विपरीत घडलं नाही, तर १६,९०० उरतील, म्हणजे माणशी ७०० रुपये परत. यंदाचे भाव घालून हेच गणित पुन्हा करा. आणि वर्गणी सांगतानाच सांगा : ‘यातले सातशेपर्यंत परत येऊ शकतात.’ आकडा ऐकून जे दचकतील, ते हे वाक्य ऐकून सावरतील.

राखीव रकमेची किल्ली एकटीकडे ठेवू नका. हजारापर्यंत तुम्ही ठरवा, त्यावर दुसऱ्या एका सदस्याला विचारून. रोजचा खर्च रोज रात्री वहीत, बिलांचे फोटो गटावर. पावती न मिळणारे खर्च, रिक्षा, हमाली, शहाळी, हेही त्याच रात्री लिहायचे. दुसऱ्या दिवशी ते आठवत नाहीत आणि मग ते संयोजकाच्याच खिशातून जातात. तुमच्या १३,६०० मध्ये न लिहिलेले असे किती होते, ते तुम्हालाच माहीत.

राहिला शेवटचा प्रश्न, ते पैसे मागावेत का. मागा. १३,६०० भागिले वीस, म्हणजे आलेल्या प्रत्येकाचे ६८० रुपये होतात. त्यातला तुमचा वाटा तुमच्याकडे, उरलेल्या एकोणीस जणांकडून १२,९२० येणं आहे. गळालेल्या चौघांकडे आता मागू नका, कारण तेव्हा नियमच सांगितलेला नव्हता. मला पाठवलेला हाच कागद गटाच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठेवा, आणि यंदाची तारीख त्यानंतर ठरवा.